नेब्रास्कातल्या ११०० वस्तीच्या गावात राहायला जायचंय, कोणी राहिलंय का अशा ठिकाणी?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण खरंच काही सुचेनासं झालंय. नवऱ्याची इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी येत्या जूनमध्ये संपतेय, आम्ही सध्या न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. तो जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर आहे, म्हणजे एकतर २ वर्षं भारतात परत जायचं नाहीतर वेव्हर, म्हणजे त्यातून सूट, घेऊन जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात ३ वर्षं काम करायचं. एका राज्याला वर्षाला अशा ३० च जागा मिळतात त्यामुळे मोठ्या शहराजवळच्या जागा बघता बघता संपतात. ५-६ ठिकाणी बोलणी झाली आणि शेवटी नेब्रास्काच्या दक्षिणेकडच्या एका गावातून ऑफर आलीय. वस्ती ११००, हॉस्पिटल २० खाटांचं, वॉलमार्ट ३५ मैलांवर.

मी मूळची नाशिकची, भर गावठाणात वाढलेली, नंतर पुणे, मग इथे. शांत जागेत राहायची सवयच नाही मला. नकाशात ते गाव उघडून बघितलं तर ६ रस्ते उभे, ८ आडवे आणि बाहेर सगळीकडे हिरवी गोल गोल वर्तुळं, मला आधी वाटलं फोटोतच काही बिघाड आहे. लेक ७ वर्षांची आहे, दुसरीत. इथे तिच्या वर्गात निम्मी मुलं देशी, तिथे ती एकटीच असणार. शिवाय तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेला की मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, म्हणजे माझी नोकरी सुटणार. आणि आम्ही दोघी मायलेकी पूर्ण शाकाहारी.

सासूबाई म्हणतात ३ वर्षं हां हां म्हणता जातील. आई फोनवर रडते. लोक कसे असतात, दिवस कसा जातो, मुलीचं कसं होईल, जे असेल ते खरं सांगा. प्रत्यक्ष राहिलेल्या माणसांकडून ऐकायचंय मला.

माळरान:

अगं, मी हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आम्हीसुद्धा असेच वेव्हरवर ३ वर्षांसाठी आलो होतो नेब्रास्कात, १४०० वस्तीच्या गावात, आणि आता नववं वर्ष चालू आहे. तेव्हा माझं मत ऐकताना आम्ही राहिलो हे लक्षात ठेव, जे निघून गेले त्यांचंही ऐक.

पहिली गोष्ट, गाडी चालवताना समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट वर करेल. हात नाही, फक्त तर्जनी. पहिला आठवडाभर मला वाटत होतं माझ्या गाडीचं काहीतरी चुकलंय. तो नमस्कार असतो, तूही बोट वर करायचं. दुसरं म्हणजे नंबरप्लेट. आपल्याकडे एमएच १२ म्हटलं की पुणं, १५ म्हटलं की नाशिक कळतं तसं इथे बहुतेक काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, पाटीवर पहिला आकडा काउंटीचा असतो. १९२२ साली कुठल्या काउंटीत किती गाड्या होत्या त्यावरून लावलेले क्रमांक आहेत ते, अजून तसेच चालू आहेत, ८ म्हणजे ग्रँड आयलंडची काउंटी, ९ म्हणजे कर्नीची, १४ हेस्टिंग्जची. ओमाहा आणि लिंकनकडच्या ३ काउंट्यांनी ही पद्धत सोडली. गावात परक्या आकड्याची गाडी थांबली की १० मिनिटांत सगळ्यांना माहिती असतं. तुमची न्यू जर्सीची प्लेट तर दुसऱ्या गल्लीतून ओळखतील.

हे सांगायचं कारण, तिथे तुला कोणी ओळखत नाही असं कधीच होणार नाही. आम्ही जुलैत आलो, सामान अजून ट्रकमध्ये आणि शेजारच्या आजी टोपलीभर झुकिनी आणि टोमॅटो घेऊन दारात. नाव विचारायच्या आधी म्हणाल्या, तुम्ही डॉक्टरांच्या घरचे ना. पुढे वर्षभर मी "डॉक्टरांची बायको" च होते आणि त्याचा मला फार त्रास झाला, नोकरी नव्हती, नाव पण गेलं असं वाटायचं. दुकानात दूध घ्यायला गेलं तरी कोणीतरी नवऱ्याच्या नावाने गुडघा दाखवायचं. आपण काय घेतलं, कुठे गेलो, गाडी कुठे उभी होती, सगळं माहीत असतं. न्यू जर्सीत शेजारी कोण ते ४ वर्षं कळलं नव्हतं, इथे लपायला जागा नाही. ज्याला हे सोसत नाही त्याला खरंच अवघड जातं.

आता एक प्रसंग सांगते, मग तूच ठरव. आमच्या तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, मका काढणीला आलेला, गावाबाहेर २ मैलांवर राहणारे एक शेतकरी धान्याच्या पत्र्याच्या कणगीवरून पडले. वय ६० च्या पुढे, कमरेचं हाड मोडलं, हेलिकॉप्टरने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. शेत उभं. शनिवारी सकाळी मी चर्चच्या बायकांबरोबर जेवण पोचवायला गेले तर शेताच्या कडेला ७ कंबाईन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, धान्याच्या ट्रॉल्या, ट्रेलरांची रांग. प्रत्येकाचं स्वतःचं शेत उभं होतं, पावसाचा अंदाज होता, तरी सगळे तिथे. कोणी भाषण नाही की फोटो नाही, एक जण नुसता हाताने दाखवत होता तू तिकडून घे, तू इकडून. दुपारी एका पिकअपच्या मागच्या फळीवर जेवण मांडलं, हॅमचे सँडविच, बीन्स, आणि मी नेलेले बटाट्याच्या भाजीचे पोळीचे रोल, ते सगळ्यात आधी संपले. ४ वाजेपर्यंत ५०० एकर मका निघाला होता. संध्याकाळी ती सगळी यंत्रं दिवे लावून एकामागून एक रस्त्याने घरी निघाली, धुरळ्यात नुसते दिवे दिसत होते आणि त्यांची बायको फाटकात उभी राहून प्रत्येकाला हात करत होती.

माझे आजोबा खटाव तालुक्यातले, त्यांच्याकडून मी इर्जिक ऐकलं होतं, कोणाची पेरणी अडली की गावातले सगळे आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि घरधन्याने फक्त जेवण घालायचं. मी कधी पाहिलं नव्हतं. ते मला इथे बघायला मिळालं, मी त्या रात्री बाबांना फोन करून सांगितलं तर ते बराच वेळ बोललेच नाहीत.

जेवणाचं, सुरुवातीला हाल होतात. चर्चच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, पालेभाजीतसुद्धा बेकन असतं आणि त्याला मांस समजत नाहीत. पण दुसऱ्या वर्षापासून बायका ताटांपुढे चिठ्ठ्या ठेवायला लागल्या, "यात मांस नाही", माझ्या लेकासाठी. शाळेत चिली, म्हणजे बीन्सचा घट्ट तिखट रस्सा, आणि त्याबरोबर सिनॅमन रोल हा दालचिनीचा गोड पाव देतात, एकाच ताटात, ही इकडची पद्धत आहे, आमचा मुलगा आता बीन्सची चिली घरी मागतो रोलबरोबर.

बाकीचं मग लिहिते, शाळा सुटायची वेळ झाली.

कोरडवाहू:

गोदाकाठ, ती वर्तुळं म्हणजे सेंटर पिव्हट. मी अमरावतीकडचा, १५ वर्षं झाली त्याच धंद्यात आहे नेब्रास्कात, म्हणून राहवत नाही. शेताच्या मधोमध विहीर किंवा बोअर, तिथून चाकांवर उभा असलेला पाव मैल लांबीचा पाइप घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि पाणी शिंपडतो. १६० एकरांच्या चौकोनात साधारण १३० एकरांचं वर्तुळ भिजतं, कोपरे कोरडे राहतात. फ्रँक झायबाख नावाच्या शेतकऱ्याने १९५२ साली त्याचं पेटंट घेतलं. खाली ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे, आज अमेरिकेत सगळ्यात जास्त ओलिताखालची जमीन याच राज्यात आहे. शेजारच्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात तेच पाणी झपाट्याने खाली चाललंय आणि तिथल्या गावांचं पुढे काय होणार ही खरी काळजी आहे.

गाव समजून घ्यायचं असेल तर ते का वसलं ते बघा. आपल्याकडे गाव आधी, रस्ता नंतर. इथे उलटं झालं. ही जमीन पॉनी या इथल्या मूळ जमातीच्या लोकांची होती, त्यांना १८७० च्या दशकात ओक्लाहोमाच्या भागात हाकलून दिलं, हे कुठल्याही गावाच्या इतिहासात पहिल्या ओळीत लिहायला हवं पण बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने जो ५ वर्षं राहून कसेल त्याला १६० एकर मिळायला लागले, आणि रेल्वे कंपन्यांनी रूळ टाकता टाकता ठरावीक अंतरावर गावं आखली. किती अंतर, तर घोडागाडीतून धान्य आणून विकून शेतकरी दिवसाउजेडी घरी पोचेल इतकं. बर्लिंग्टन रेल्वेने तर गावांना बाराखडी लावावी तशी नावं दिली, क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. इंग्रजी अक्षरं लावून बघा, सी पासून एल पर्यंत क्रमाने आहेत. मी पहिल्यांदा त्या रस्त्याने गेलो तेव्हा ओळीने वाचत गेलो.

म्हणून प्रत्येक गावाचा साचा एकच. रुळाला लागून धान्याचा एलेव्हेटर, म्हणजे सिमेंटच्या उंच गोल कोठ्या, मैलोनमैल आधी तोच दिसतो. मग पाण्याची टाकी, तिच्यावर गावाचं नाव. एक मेन स्ट्रीट, तिच्यावर बँक, पोस्ट, बार, माजी सैनिकांचा हॉल आणि निम्मी दुकानं बंद. बरेचसे एलेव्हेटर सहकारी आहेत, शेतकरीच सभासद आणि वर्षाअखेरीला लाभांश. वीजसुद्धा या राज्यात पूर्णपणे सार्वजनिक मालकीची आहे, एकही खाजगी वीज कंपनी नाही. आपल्या साखर कारखान्यांच्या भागातून आलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटतं.

दुकानं का बंद, तर घोडा गेला, ट्रॅक्टर आला, मग मोठा ट्रॅक्टर आला. जिथे १६० एकरावर एक कुटुंब होतं तिथे आता एक कुटुंब २-३ हजार एकर करतं. माणसंच उरली नाहीत तर दुकानात कोण येणार, शाळेत कोण येणार. आणि मधे १९८० चं दशक. त्याआधी दहा वर्षं धान्याला भाव होता, बँका दारात येऊन कर्ज देत होत्या, जमीन घ्या, आणखी घ्या. मग व्याजदर आभाळाला टेकले, १९८० साली रशियाला धान्य विकायला बंदी आली, जमिनीचे भाव कोसळले आणि पिढ्यानपिढ्यांची शेतं लिलावात गेली. १९८५ ला इलिनॉयमधे शेतकऱ्यांसाठी फार्म एड हा गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला तो यामुळेच. त्या वर्षांत इथे शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. माझ्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ एकदा त्यांच्या वडिलांबद्दल सांगत होते, मी विदर्भातला आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुम्ही ज्या हॉस्पिटलात जाणार ते बहुधा "क्रिटिकल अ‍ॅक्सेस" असेल, २५ खाटांची मर्यादा, १९९७ च्या कायद्यातून आलेला दर्जा, गाव टिकतं ते त्याच्यावर आणि शाळेवर. यातलं एक बंद पडलं की १० वर्षांत गाव संपतं. तेव्हा तुमच्या मिस्टरांची तिथे किती वाट बघत असतील याची कल्पना करा.

पडवी:

मी दुसरी बाजू लिहिते कारण ती कोणी लिहीत नाही आणि मग माझ्यासारखी जाऊन बसते.

आम्ही २ वर्षं पश्चिम कॅन्ससमध्ये होतो, वस्ती ९०० च्या आसपास. कोणीही, एकदाही, वाईट वागलं नाही. हे आधी लिहिते. सगळे हसून बोलायचे, दार धरून उभे राहायचे, बर्फात गाडी अडकली तर ३ माणसं धावायची. पण त्या हसण्याच्या पुढे मला जाताच आलं नाही. तिथे प्रत्येकाचं आख्खं खानदान त्याच काउंटीत, रविवारी चर्च, मग आजीकडे जेवण, मुलांचे खेळ, चुलत्यांची लग्नं. त्यांना मैत्रीण लागतच नव्हती, त्यांना बहिणी होत्या. पहिल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरात सगळं कुटुंब एकत्र जेवतं त्या सणाला, आम्ही दोघं घरी वरणभात खाऊन बसलो होतो, रस्त्यावर एक माणूस नाही, सगळ्या घरांसमोर पाहुण्यांच्या गाड्या. त्या दिवसाइतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

मग मी गरोदर राहिले. गावच्या हॉस्पिटलात बाळंतपणं बंद झाली होती, दिवस भरत आले तेव्हा ६५ मैलांवर जावं लागायचं आणि महिना जानेवारीचा. वारा इतका की रस्त्यावर बर्फ आडवं वाहतं, पुढची गाडी दिसत नाही, महामार्गाला फाटक लावून बंद करतात. शेवटचे १० दिवस आम्ही हॉस्पिटलजवळच्या मोटेलात काढले. मोटेलचे मालक गुजराती होते, त्या काकू मला रोज सकाळी गरम नाश्ता आणून द्यायच्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. लहान गावातल्या हायवेवरची मोटेलं बहुतेक आपल्याच लोकांची असतात हे लक्षात ठेव, अडचणीत दार वाजवायला लाजू नको.

वादळाचंही सांगते. आमच्यापासून फार लांब नाही तिथे ग्रीन्सबर्ग म्हणून गाव आहे, ४ मे २००७ च्या रात्री पावणेदोन मैल रुंद टॉर्नेडो त्यावरून गेला आणि ९५ टक्के गाव सपाट झालं. २००० साली दीड हजारावर वस्ती होती, २०१० ला आठशेच्या आत. पण जे राहिले त्यांनी गाव परत बांधलं, शाळा, हॉस्पिटल, सगळं, पवनचक्कीच्या विजेवर. मी तिथे जाऊन उभी राहिले होते, नवी कोरी घरं आणि खाली रोपटी, मोठं झाड एकही नाही. म्हणून सांगते, घर बघताना तळघर आहे का हे पहिलं विचार.

माझं म्हणणं इतकंच की तुझा नवरा दिवसभर माणसांत असेल, तू नसशील. तुझ्या नोकरीचं आधी बघ.

गोदाकाठ:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं, एकदा आईला फोनवर वाचून दाखवलं. पडवी, थँक्सगिव्हिंगचं वाचून पोटात तुटलं. आणि कोरडवाहू, ती बाराखडी आम्ही तिघांनी नकाशात बोट ठेवून वाचली.

हॉस्पिटलवाल्यांनी आम्हाला सहकुटुंब २ दिवस बघायला बोलावलंय. तिथे गेल्यावर मी काय काय बघू? आणि मुलीचं अजून कोणी सांगेल का, मला सगळ्यात जास्त तीच काळजी आहे.

कणीस:

मुलीचं मी सांगतो, कारण मी तसलाच मुलगा होतो. बाबा मक्याच्या बियाण्यांवर काम करायचे, मी चौथीत असताना आम्ही आयोवातल्या १९०० वस्तीच्या गावात आलो, बारावीपर्यंत तिथेच. आता शिकागोत असतो. मराठी लिहायची सवय कमी आहे, चुका पोटात घाला.

माझ्या वर्गात शेवटी आम्ही ३१ जण होतो, पूर्ण बॅच ३१. त्याचा फायदा असा की कोणालाही कशातूनही वगळता येत नाही. नाटक करायचं तर सगळे लागतात, टीम करायची तर सगळे लागतात. शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉल, सगळं गाव मैदानावर, आणि मध्यंतरात आमच्यातली ४-५ मुलं हेल्मेट काढून फुटबॉलच्याच पोशाखात बँडमध्ये वाजवायला उभी राहायची कारण त्यांच्याशिवाय ट्रम्पेट वाजवायला दुसरं कोणी नव्हतंच. एडिसनसारख्या मोठ्या शाळेत मी ना टीममध्ये आलो असतो ना बँडमध्ये. तिथे मी दोन्हीकडे होतो. नेब्रास्कात तर काही शाळा इतक्या लहान की ६ जणांचं फुटबॉल खेळतात, तो खेळ १९३४ साली नेब्रास्कातच हेब्रन गावी सुरू झाला.

उन्हाळ्यात मक्याचे तुरे खुडायला जायचो, १४-१५ वर्षांची सगळी मुलं जातात. बियाण्याच्या मक्यात एका जातीचे तुरे काढून टाकावे लागतात म्हणजे दुसऱ्या जातीचंच परागण होतं. पहाटे ५ ला शाळेची बस, दव इतकं की कचऱ्याच्या काळ्या पिशवीला डोक्याला आणि हाताला भोकं पाडून ती अंगात घालायची, तरी ८ वाजेपर्यंत चिंब, आणि १० ला तीच पिशवी फाडून फेकायची इतकं ऊन. पानांच्या कडेने हात आणि मान कापते, रात्री आंघोळ करताना झोंबतं. पण पहिला चेक हातात आला तेव्हा मी तो आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवला होता.

वाईट पण सांगतो. भूगोलाच्या तासाला भारत आला की सगळी मान माझ्याकडे वळायची. सातवीत असताना आईने डब्यात दिलेली मेथीची भाजी मी ३ महिने कचऱ्यात टाकली, आईला अजून सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय. दुसऱ्या गावाशी मॅच असताना गॅलरीतून एकाने माझ्या रंगावरून काहीतरी ओरडलं. आमच्या कोचने खेळ थांबवला आणि रेफरीकडे गेले, आणि मॅचनंतर आमच्या टीममधले दोघं, ज्यांच्याशी माझं कधी फारसं पटलं नव्हतं, माझ्या दोन्ही बाजूंनी बसपर्यंत चालत आले. बोलले काहीच नाहीत.

आणि एक गोष्ट मनात राहते. आमच्या ३१ पैकी परत गावात राहणारे ९. गाव ज्या मुलांसाठी लोणी-बिस्किटं विकून ट्रिपचे पैसे जमवतं, साप्ताहिकात ज्यांचे फोटो छापतं, ती बहुतेक परत येत नाहीत. मीही गेलो नाही. आमच्या कोकणातल्या घरी कुलूप आहे आणि आयोवातलं बाबांनी विकलं. मेमोरियल डेला, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मरणाच्या दिवशी, मी अजून जातो, तेव्हा दफनभूमीत सगळीकडे छोटे झेंडे आणि पिओनीची फुलं असतात, आमच्या बँडच्या सरांचं थडगं आहे तिथे.

तिला मराठी बोलायला लावा घरी, एवढंच. बाकी ती ३ महिन्यांत तुम्हालाच गाव दाखवेल.

माळरान:

पडवी, तुझं वाचून मला माझं पहिलं वर्ष जसंच्या तसं आठवलं. तुझं खरंय, तिथे आमंत्रण येत नाही. मला ते फार उशिरा कळलं की आमंत्रण नसण्याचा अर्थ "येऊ नका" असा नसतो, "यायचं तर येणारच ना" असा असतो. मी लायब्ररीत आठवड्यातून २ दिवस विनापगारी बसायला लागले तेव्हा फरक पडला, कारण मग मी कोणाची बायको नव्हते, पुस्तकं शोधून देणारी होते. पण सगळ्यांना हे जमेलच असं नाही आणि बाळ पोटात असताना तर नाहीच, तुझी काही चूक नव्हती गं.

गोदाकाठ, नोकरीचं. करार सही करायच्या आधी लेखी विचारून घ्या, ग्रीन कार्डाची प्रक्रिया कधी सुरू करणार. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने करायचा अर्ज, मंजूर झालं की तुला एच-४ वर कामाचा परवाना मागता येतो, नाहीतर ३ वर्षं तशीच जातील. आमच्या वेळी एका जागी हे "बघू, बघू" म्हणत राहिले, आम्ही ती ऑफर सोडली. आणि घरून काम करायचं म्हटलंस तर नेटची काळजी आधीच मिटवून घे, कित्येक गावांत फायबर असतं, तिथल्या टेलिफोन सहकारी संस्थांनी टाकलेलं, पण गावाबाहेर शेतातलं घर घेतलंत तर नसू शकतं.

बघायला जाल तेव्हा हॉस्पिटलचे लोक रात्री चांगल्या ठिकाणी जेवायला नेतील, ते बघून काही ठरवू नका. सकाळी ६ ला उठून गॅस स्टेशनवर जा कॉफी प्यायला. तिथे एका टेबलावर म्हातारे शेतकरी बसलेले असतात, फासे टाकून कॉफीचे पैसे कोणी द्यायचे ते ठरवतात, पाऊस, मक्याचा भाव, कोण आजारी, सगळं तिथे. आपला पार म्हण ना. शेजारच्या टेबलावर बस, ५ मिनिटांत बोलतील. मग लायब्ररीत जा. मग शाळेत जाऊन दुसरीच्या बाई भेटतात का बघ, वर्गात किती मुलं ते विचार, आणि शाळा शेजारच्या गावाबरोबर एकत्र करायचं चाललंय का हेही विचार, कारण त्यावर गावात दोन तट असतात आणि कोणी आपणहून सांगत नाही.

वाणसामानाचं वाटतं तितकं अवघड नाही. ग्रँड आयलंडकडे मांसप्रक्रियेच्या कारखान्यामुळे मेक्सिकन आणि सोमाली लोक खूप आहेत, त्यांच्या दुकानांत कोथिंबीर, हिरवी मिरची, चिंच, बासमती, डाळी सगळं मिळतं. कढीपत्ता, पोहे, गोडा मसाल्याचं सामान असलं ओमाहाहून आणायचं, आम्ही ३ महिन्यांतून एकदा जातो, देवळात जाऊन येतो आणि डिक्की भरून आणतो. कढीपत्त्याची कुंडी मी हिवाळाभर घरात खिडकीशी ठेवते, जगते.

मार्चमध्ये जमलं तर बघा, तेव्हा कर्नीजवळ प्लॅट नदीत ५ लाखांहून जास्त सँडहिल क्रेन पक्षी उतरलेले असतात, सूर्य उगवायच्या आत नदीकाठी जाऊन उभं राहायचं, आधी नुसता आवाज येतो आणि मग आख्खी नदीच उडाल्यासारखं होतं. लेकीला घेऊन जा, तिच्यासाठी कानटोपी आण.

आमचं घर तिथून तासाभरावर असावं असं वाटतंय, मला निरोप पाठव, जेवायलाच या, पिठलं-भाकरी करते. आणि एक, पहिल्या दिवशी दुपारी बरोबर १२ ला गावात मोठा भोंगा वाजेल, वादळाचा असतो तसाच. बऱ्याच गावांत रोज वाजतो, जेवायची वेळ झाली म्हणून. घाबरून तळघरात पळू नका.

गोदाकाठ:

मार्चचीच तिकिटं बघतोय. निरोप पाठवलाय ताई. आईला भोंग्याचं सांगितलं, ती म्हणाली आमच्या सिन्नरच्या विडी कारखान्याचा पण असाच वाजायचा.